किती इंच

भोईवाड्यात बकरे टेलर्सच्या फळीवर
मी नवंकोरं काळं जॅकेट ठेवलं
आणि म्हणालो, फाडून द्या.

शाळा उघडायच्या होत्या. मागे खाकी चड्ड्यांचा ढीग,
त्याच्यावर झोपलेलं मांजर.
बकऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
किती इंच?

खांद्याखाली तीन. कोपरावर दोन.
आणि पाठीवर असं, की वाटलं पाहिजे
कुणीतरी मागून ओढलंय.
कुणी, ते त्यांनी विचारलं नाही.
खडूने रेघा मारल्या. म्हणाले,
आतून अस्तर लावतो, नाहीतर फाटत जाईल.
लावा, म्हणालो.

शनिवारपर्यंत सहाही जणांची झाली.
पावतीवर लिहिलं होतं: गणवेश, ६ नग.
ती मी कुणालाच दाखवली नाही.

आमच्या बँडचं नाव खरूज.
सेफ्टीपिना मी आईच्या बांगडीतून काढून नेल्या,
ती दोन दिवस पदर सावरत हिंडली.
पुष्कर ताटके ड्रमवर. त्याचे वडील मंत्रालयात उपसचिव,
व्यवस्था जाळा हे गाणं त्याने
सरकारी क्वार्टरच्या गच्चीत लिहिलं,
खालून शिपायाने चहा आणून दिला तेव्हा
दुसरं कडवं चाललं होतं.

साकीनाक्याला तासावर मिळणारी खोली.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, आणि लाल रंगात
हातभर अक्षरं: इथे नियम नाहीत.
नियम असे होते की
चप्पल घालून यायचं नाही, बूटच,
गिटार सुरात लावलेली असेल तर बिघडवून घ्यायची,
चौथी कॉर्ड येत असेल तर बोलायचं नाही,
आईचा फोन जिन्यात जाऊन घ्यायचा.
गाण्यांत आम्ही ज्याला शिव्या घालायचो
तो माणूस इस्त्रीचा शर्ट घालायचा.
सोमवार ते शुक्रवार मीही घालायचो.

मग ती आली एका रात्री.
कमळजा, आडनाव कधी कळलं नाही.
नर्सिंगची पोरगी, ड्यूटीवरून तडक,
पांढरा युनिफॉर्म, बाहीवर आयोडीनचा डाग,
पायांत कॅनव्हासचे बूट.
म्हणाली, मला एकदा ओरडू द्या.

जोएलने, ज्याला आम्ही गंज म्हणत असू, माईक दिला.
ती ओरडली:
एक सिस्टर, बावन्न खाटा.
एवढंच. पुन्हा. पुन्हा तेच.
सूर नाही, ताल नाही, पुष्करला कळेना
कुठून शिरायचं.
नवव्या-दहाव्या वेळी तिचा आवाज फाटला,
मापाने नव्हे,
आणि माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

खोलीत कुणी हललं नाही.
गंज दुसऱ्या माईकवर म्हणाला,
मॅडम, फॅन्सी ड्रेस पुढच्या गल्लीत.
सगळे हसले.
मीही. जरा उशिरा सुरू केलं,
म्हणून जरा जास्त वेळ हसलो.

तिने माईक स्टँडवर नीट बसवला.
पायात आलेली वायर गोल गुंडाळून ठेवली,
कुणी अडखळू नये म्हणून असेल.
दार लोटून घेतलं.
आम्ही व्यवस्था जाळा वाजवलं,
ठरलेल्या जागी एकमेकांना धक्के दिले,
ठरलेल्या जागी पडलो.

बारा वर्षं झाली.
परवा आईने कपाट काढलं, बोहारणीला बसवलं दारात,
दोन पँटी, एक जुनी चादर, आणि वर ते जॅकेट.
बोहारणीने उजेडात धरलं. फाटक्यातून
तिची दोन बोटं आरपार जाईनात.
फाटकं नाय घेत मी, ताई.
आई म्हणाली, फाटकं नाहीये ते, ओढून बघ.

तिने दोन्ही हातांनी ओढलं.
कॉलर उसवली, काख उसवली,
खिसा तर हातातच आला.
खांद्याखालचे तीन इंच तेवढे जागचे हलले नाहीत.

मी आत दाराआड उभा. बाहेर भाव चाललेला:
बोहारीण चहाच्या गाळणीवर अडलेली,
आईला किमान झाकणी तरी हवी होती.